मामांची स्थळपाहणी

शिकागोत राहायला आलं की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी तुम्हाला सांगतं, की हे वास्तुकलेचं शहर आहे. लुई सलिव्हन इथला, फ्रँक लॉइड राइट इथे नावारूपाला आला, मीस व्हान डर रोहे जर्मनी सोडून आला तो इथेच. सांगणारा हे सगळं उघड्या फलाटावर, नाकाचा शेंडा लाल झालेला असताना, मान खांद्यात घालून सांगत असतो. ऐकणाऱ्यालाही थंडीमुळे तोंड उघडावंसं वाटत नाही, म्हणून खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. एवढे थोर लोक गावात होते, तर या फलाटाला एखादी भिंत घालावी असं त्यांच्यापैकी एकालाही का सुचलं नाही?

इथल्या मेट्रोला सगळे 'एल' म्हणतात. ती बरीचशी रस्त्यांच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते. पहिली गाडी सुटली ६ जून १८९२ रोजी. बोरीबंदरची इमारत पुरी होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. पण बोरीबंदर बांधणाऱ्यांनी घुमट दिला, कमानी दिल्या, दगडी मोर आणि माकडं दिली. इथल्या लोकांनी एक लोखंडी जिना दिला, वर लाकडी फळ्यांचा फलाट दिला, फलाटाच्या मधल्या भागावर समाधानापुरतं छप्पर दिलं, आणि उरलेली जागा आकाशाकडे सोपवली.

आमच्या जवळच्या स्टेशनचं नाव मी सांगणार नाही. मला रोज तिथूनच गाडी पकडायची आहे, आणि म्हातारी स्टेशनं बोललेलं मनात ठेवतात.

उन्हाळ्यात हे स्टेशन फार लोभस दिसतं. झाडांचे शेंडे आपल्या पातळीवर असतात, समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचं मांजर ओळख दाखवतं. पण हिवाळ्यात सरोवरावरून निघालेला वारा मध्ये कुठेही न थांबता थेट आमच्या फलाटावर येतो. त्यावर उपाय म्हणून छपराखाली उष्णतेचे लालभडक दिवे लावले आहेत. खांबावर एक बटण आहे. ते दाबलं की दिवे काही मिनिटं पेटतात, आणि नेमकं बोटांत रक्त फिरायला लागलं की विझतात.

या बटणाभोवती एक अख्खं समाजशास्त्र उभं आहे. बटण दाबायचं तर हात खिशातून काढावा लागतो, आणि हात खिशातून काढायचा नाही यावर फलाटावरच्या सर्व धर्मांचं, वर्णांचं आणि पक्षांचं एकमत असतं. म्हणून सगळे बटणापासून बेताच्या अंतरावर उभे राहून दुसऱ्याला दया येण्याची वाट बघतात. कोणी जाहिरात पुन्हा वाचतं. कोणी रुळांकडे बघत जन्ममृत्यूचा विचार करतं. अखेर एखादा कोवळ्या मनाचा नवखा पुढे होतो, हातमोजा काढतो, बटण दाबतो. दिवे लागतात. त्याच क्षणी, गाडी दिसतेय का बघायच्या निमित्ताने, सगळे दोन-दोन पावलं सरकतात. आणि हातमोजा चढवून तो वळेपर्यंत दिव्याखालची जागा भरलेली असते. बटण दाबणारा कायम कडेला.

मी या शहरात टिकून आहे तो बटण न दाबण्याच्या सरावावर. चष्म्यावर वाफ सोडायची, आणि बटणच काय, खांबही दिसत नाही असा चेहरा करायचा. हे मला आता विनासायास जमतं.

जानेवारी २०१९ मध्ये इथे पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला. रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून इथल्या उपनगरी रेल्वेवाल्यांनी सांध्यांशी गॅसच्या ज्वाळा पेटवल्या, आणि बर्फात जळणाऱ्या रुळांची छायाचित्रं जगभर गेली. साताऱ्याहून मामांचा फोन आला.

"अरे, तुमच्याकडे रूळ पेटलेत!"

"पेटले नाहीत मामा, पेटवलेत."

"मुद्दाम?"

"हो. थंडीने सांधे आखडतात ना."

"आणि माणसांचे सांधे?"

"माणसांसाठी दिवे आहेत. पण बटण दाबावं लागतं."

पलीकडे शांतता पसरली. मग मामा म्हणाले, "हे प्रत्यक्ष बघायला पाहिजे."

मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. खात्याने त्यांना सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी खात्याला अजून सोडलेलं नाही. कुठलंही बांधकाम दिसलं की आधी ते छत्रीच्या टोकाने ठोकायचं, मग कान लावायचा, मग "हं" म्हणायचं, ही त्यांची पद्धत. या "हं"चे चार प्रकार आहेत, आणि चारही ठेकेदाराच्या विरोधात जातात.

पुढे एका वर्षी मामा-मामी खरोखरच निघाले, आणि तेही भर जानेवारीत. "मे महिन्यात या," असं मी परोपरीने सांगितलं होतं.

"बर्फ बघायचा तर मे महिन्यात येऊन काय करू?" मामा म्हणाले. "मेमध्ये आंबे असतात. ते इथेच बरे."

येताना त्यांनी माकडटोपी आणली, मामींनी विणलेला लोकरी मफलर आणला, आणि छत्री आणली.

"मामा, इथे आता पाऊस नाही पडत. बर्फ पडतो."

"छत्री पावसासाठी नसते," मामा म्हणाले. "साइटवर हातात काहीतरी असावं लागतं."

पहिल्याच सकाळी मी त्यांना आमच्या स्टेशनावर नेलं आणि 'हे वास्तुकलेचं शहर आहे' इथून सुरुवात केली. मामांचं लक्ष पायाखाली होतं.

"हे लाकूड आहे?"

"हो."

"शंभर वर्षांत काँक्रीट केलं नाही?"

"नाही."

"टेंडर निघालं नसणार."

मग ते वाकले. एक फळी ठोकली, शेजारची ठोकली, दोन फळ्यांमधल्या फटीत छत्रीचं टोक घालून बघितलं. फटीत कोणाचं तरी एक नाणं अर्धवट अडकून बर्फात थिजलं होतं, ते उचकटायचाही प्रयत्न झाला. आणि उठताना त्यांच्या तोंडून जे "हं" आलं, ते पाचव्या प्रकारचं होतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"हुशार आहेत लेकाचे," मामा म्हणाले. "काँक्रीट या थंडीत चिरलं असतं. लाकूड हलकं, म्हणजे खालच्या खांबांवर भार कमी. एक फळी कुजली तर तेवढीच बदलायची, अख्खा फलाट खणायला नको. आणि बर्फाचं पाणी फटीतून परस्पर खाली."

"पण मामा, खाली रस्ता आहे. खालून माणसं चालतात."

"तो वेगळ्या खात्याचा प्रश्न."

एवढ्यात वारा आला. मफलर मामांच्या गळ्यातून निघाला, कठड्यावरून पलीकडे गेला, आणि खालून चाललेल्या एका टॅक्सीच्या काचेवर जाऊन बसला. टॅक्सीवाल्याने वायपर चालू केला. मफलर दोनदा इकडून तिकडे गेला आणि टॅक्सीबरोबरच दिसेनासा झाला.

"नंबर घे, नंबर घे!" मामा ओरडले.

"मफलरला नंबर कुठून असणार?" मामी म्हणाल्या. "दुसरा विणते. तुम्ही आधी कान झाका."

मामांनी आतल्या खिशातून डायरी काढली आणि लिहिलं : कठड्याची उंची अपुरी.

मामींना बटणाचं समाजशास्त्र ठाऊक नव्हतं. त्या सरळ खांबापाशी गेल्या, बटण दाबलं, आणि हात लगेच खिशात न घालता सगळ्यांना बोलवायला लागल्या. "या, या, आत या. जागा आहे." गाडी बघायच्या निमित्ताने सरकणाऱ्या मंडळींची पंचाईत झाली. चोरून घ्यायची ऊब कोणी आग्रहाने देऊ लागलं की कसं उभं राहायचं, हे त्यांना माहीतच नव्हतं. एका उंच पोराला मामींनी मराठीतून दटावलं, "कानाला बांध रे काहीतरी." त्याने मुकाट्याने हुडी वर ओढली.

मग मामींनी वर बघितलं. "दिवा चांगला आहे. पापड भाजतील. पण डोकं तापतंय आणि पाय गारच. खाली नको होता लावायला?"

सलिव्हनपासून मीसपर्यंत सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मामींनी एका बटणात पकडली. मामांनी डायरी पुन्हा उघडली.

शनिवारी मी त्यांना शहराच्या मध्यभागी नेलं. एरवी पाहुणे आले की मी त्यांना नदीवरच्या वास्तुदर्शनाच्या बोटीत बसवतो. बरेच पाहुणे झाल्यामुळे तिथल्या गाइडचे विनोद मला पाठ आहेत, आणि ते मी हल्ली माझे म्हणून सांगतो. ऐन हिवाळ्यात ती सोय नाही. त्यामुळे सगळे विनोद क्विन्सी स्टेशनावर खर्च करावे लागले.

क्विन्सी स्टेशन १८९७ सालचं. मधल्या भागाला चारी बाजूंनी वेढणारा रुळांचा जो चौकोन आहे, ज्याला इथे लूप म्हणतात, त्याच्या पश्चिमेच्या बाजूवर ते आहे. ठोकून नक्षी उठवलेल्या पत्र्याच्या भिंती, त्यावर ग्रीक देवळातल्यासारखे उठावाचे खांब, वर लाकडी फलाट. १९८० च्या दशकात ते हौसेने पूर्वीसारखं करून घेतलं; जुन्या धर्तीचे दिवे आले, भिंतींवर जुन्या काळच्या जाहिराती आल्या. लिफ्ट यायला मात्र २०१८ साल उजाडलं. म्हणजे एकशे वीस वर्षं गुडघ्यांनी वास्तुकलेची सेवा केली.

स्टेशनापासून एका चौकावर ११० मजली विलिस टॉवर उभा आहे. त्याच्या सांगाड्याची रचना फझलुर रहमान खान यांची. जन्म ढाक्याचा, कर्तृत्व शिकागोचं. मामांनी नाव ऐकताच माकडटोपी काढली. "खानसाहेबांचं काम! नऊ नळ्यांची जुडी बांधलीय!" असं म्हणून त्यांनी टॉवरला रीतसर नमस्कार केला. टॉवरचे वरचे चाळीस मजले ढगात होते, त्यांनाही केला. मग टोपी घातली, टॉवरकडे पाठ केली, आणि स्टेशनच्या खांबावरचे रिव्हेट मोजायला लागले.

"काम कोणाचं?"

मी चार्ल्स यर्क्सची गोष्ट सांगितली. तेव्हाचा कायदा असा होता, की रस्त्यावरून उन्नत गाडी न्यायची तर त्या रस्त्यालगतच्या मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक भागाच्या मालकांच्या सह्या हव्यात. आता आपल्या दिवाणखान्याच्या खिडकीसमोरून आगगाडी जावी असं कोणाला वाटणार? पहिल्या कंपनीने यावर सोज्वळ मार्ग काढला : मागच्या गल्लीची जागा विकत घेतली आणि गाडी घरांच्या पाठीमागून नेली. शिकागोचं पहिलं विहंगम दर्शन लोकांना झालं ते असं, परसदारी.

यर्क्स हा शहराच्या ट्राम हातात असलेला बडा आसामी. त्याला लूप पुरा करायचा होता, आणि दक्षिणेच्या व्हॅन ब्यूरन रस्त्यावरचे मालक सह्या देईनात. त्याने काय करावं? कागदावर मार्ग लांबवला. पार नदीपलीकडे नेला. पलीकडच्या कारखानदारांना गाडी हवीच होती. त्यांनी आनंदाने सह्या केल्या. लांबलेल्या मार्गावर बहुमत झालं. मंजुरी मिळाली. मग यर्क्सने फक्त अलीकडचा तुकडा बांधला.

मामांनी डायरी मिटली. त्यांचे डोळे पाणावले होते, थंडीने की कशाने कोण जाणे.

"म्हणजे पलीकडचे सही करून बसले?"

"बसले."

"आणि गाडी आलीच नाही?"

"नाही."

"अरे लेका, हे आधी सांगायचं नाहीस का!" मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मी इतके दिवस परक्या मुलखात असल्यासारखा बिचकून वागत होतो."

त्यानंतर मामा खुलले. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी मला कोल्हापूर, कराड आणि फलटण भागातल्या पुलांची अशी काही माहिती दिली, की यर्क्स त्यापुढे अगदी शाळकरी वाटावा. अडचण एवढीच होती की एलखाली किंवा एलशेजारी बोलायची इथे एक पद्धत आहे. गाडी आली की वाक्य तोडायचं, डबे जाऊ द्यायचे, आणि जिथे तोडलं त्याच शब्दापासून पुन्हा जोडायचं. शिकागोचा माणूस हे प्रेमाच्या गोष्टी करतानाही करतो. मामांना थांबायची सवय नाही. ते गाडीच्या वरताण आवाज चढवत गेले, गाडी अचानक संपली, आणि अख्ख्या फलाटाला त्यांचा शेवटचा शब्द ऐकू आला : "…टक्केवारी!"

या आवाजावर एका वास्तुविशारदाने उपाय काढलाय, हे मी त्यांना सांगितलं. शहराच्या दक्षिण भागात मीसने उभारलेल्या विद्यापीठाच्या आवारातून एल जाते. तिथल्या नव्या इमारतीचं काम रेम कूलहास यांच्याकडे आलं. त्यांनी २००३ मध्ये इमारतीच्या डोक्यावरून जाणारी अख्खी गाडी एका पोलादी नळीत घातली. नळीची लांबी १६० मीटर.

"गाडीला आच्छादन केलं?" मामा म्हणाले.

"हो."

"आणि गाडीची वाट बघणाऱ्याला?"

"तो उघड्यावर."

मामांनी कुठलंच "हं" केलं नाही.

इकडे मामींना लूपचा नकाशा समजला होता. "म्हणजे ही गाडी गावाला प्रदक्षिणा घालते," त्या म्हणाल्या आणि बसायला तयार झाल्या. आली ब्राउन लाइन. मामींनी पाय मागे घेतला.

"ही डावी घालतेय."

"मामी, ही गाडी आहे."

"असू दे. प्रदक्षिणा उजवीच घालायची."

ऑरेंज लाइन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून ती येईपर्यंत वाऱ्यात उभे राहिलो. मिळाली. वेल्स रस्ता झाला, लेक झाला, वॉबॅश झाला. तिथल्या ॲडम्स स्टेशनापासून एका चौकावर ती इमारत आहे जिथे १८९३ मध्ये सर्वधर्मपरिषद भरली, विवेकानंद बोलले. आज तिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे. मी मामींना हेही सांगितलं, की त्याच वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी एलचा मार्ग जॅक्सन पार्कपर्यंत वाढवला होता.

"मग स्वामीजी बसलेच असणार या गाडीत," मामींनी निकाल दिला आणि सीटच्या दांडीला हात लावून तो डोळ्यांना लावला. समोरच्या बाईंनी घाईघाईने पिशवीतून हात पुसायचं सॅनिटायझर काढून पुढे केलं.

एवढ्यात गाडीने लूप सोडला आणि ती विमानतळाच्या दिशेने वळली.

"अरे, चौथी बाजू राहिली!"

"ती व्हॅन ब्यूरनची, मामी. यर्क्सवाली."

"मग राहू दे," मामी म्हणाल्या. "लबाडीच्या सह्या असलेल्या रस्त्याने कशाला फिरायचं?"

परतीच्या गाडीत मी माझ्याकडचं शेवटचं ज्ञान बाहेर काढलं. एकाच गाडीच्या अनेक डब्यांना मोटरी बसवायच्या आणि त्या सगळ्या पुढच्या एका केबिनमधून चालवायच्या, ही युक्ती फ्रँक स्प्रेगची. तिचा पहिला वापर १८९० च्या दशकाच्या शेवटी इथेच, शिकागोच्या साउथ साइडच्या एलवर झाला. इंजिन पुढून काढून मागे लावायची कटकट संपली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली, तीही याच तत्त्वावर.

"म्हणजे आपल्या लोकलचं हे आजोळ!" मामा म्हणाले.

"आजोळी आल्यावर पण उभंच राहावं लागतं का?" मामींनी दांडी धरून विचारलं.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या वाचनालयात एक सभा होती. आमच्या म्हाताऱ्या स्टेशनचं काय करावं, यावर नागरिकांची मतं मागवली होती. पाहुण्यांना अमेरिकन लोकशाही दाखवावी म्हणून मी दोघांनाही नेलं. भिंतीवर नव्या स्टेशनची रंगीत चित्रं टांगली होती : काच, पांढरं पोलाद, पूर्ण लांबीचं छप्पर, छपराखाली हसतमुख माणसं. चित्रातल्या माणसांपैकी कोणीही कोट घातलेला नव्हता. प्रत्येकाच्या हातात हिरव्या आणि लाल टिकल्यांचा एकेक कागद दिला. आवडलेल्या चित्रावर हिरवी चिकटवायची, न आवडलेल्यावर लाल.

ही मंडळी माझ्या ओळखीची होती. सगळा हिवाळा फलाटावर त्यांनी या स्टेशनाला घातलेल्या शिव्या मी जवळून ऐकल्या होत्या. काही मीच पुरवल्या होत्या. आता काचेचं स्टेशन समोर दिसताच सगळ्यांना भरून आलं. एक म्हणाला, त्या लाकडात जीव आहे. दुसरी म्हणाली, तो करकरणारा जिना म्हणजे आमचं बालपण. किमती कोटातल्या एका गृहस्थांनी तर जुन्या छपराच्या कडेच्या वळणाचं असं वर्णन केलं, की चार लोकांनी डोळे मिटून ऐकलं. सभा संपायच्या आत ते घाईने निघाले, कारण त्यांची गाडी चुकीच्या जागी लावलेली होती. गाडी म्हणजे मोटार. एलने ते येत नाहीत. थंडी सोसत नाही.

आणि मी? माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून "प्रामाणिक लोखंड" असं काहीतरी बोललो. टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्रामाणिक लोखंडाला पाठ टेकली तेव्हा कोटातून हुडहुडी थेट मणक्यात गेली, पण तोवर सभावृत्तांतात माझं नाव वारसाप्रेमींच्या बाजूला लागलं होतं.

ही आमची परंपराच आहे. वॉशिंग्टनच्या मेट्रोची स्टेशनं हॅरी वीस नावाच्या वास्तुविशारदाची. १९७६ मध्ये ती मेट्रो सुरू झाली. जमिनीखाली काँक्रीटच्या उंच कमानी, वाऱ्याला मज्जाव. हे वीस शिकागोचे. आणि त्याच १९७० च्या दशकात लूप पाडून गाडी जमिनीखाली न्यायचा घाट शिकागोत घातला होता, तेव्हा 'पाडू नका' म्हणणाऱ्यांत तेच पुढे होते. परगावाला छप्पर दिलं, आपल्या गावाला वारसा. आणि गावानेही तो दात वाजवत, कौतुकाने घेतला.

मामींनी आपल्या सगळ्या हिरव्या टिकल्या बाकाच्या चित्रावर लावल्या. त्या संपल्यावर शेजारच्या आजीबाईंशी खुणांनी बोलून त्यांच्याही घेतल्या. लाल टिकली मात्र त्यांनी एकही लावली नाही. "लोकांनी एवढं रंगवून आणलंय, कशाला नावं ठेवायची?"

मामांनी टिकल्या परत केल्या आणि कोरा कागद मागून घेतला. सुवाच्य इंग्रजीत त्यांनी अभिप्राय लिहिला. त्याचा मराठी तर्जुमा असा :

१) लोखंडकाम उत्तम. पूर्वी सर्वत्र असेच होत असे.
२) फळ्या बदलाव्यात, परंतु फळ्याच ठेवाव्यात.
३) कठड्याची उंची वाढवावी. (मफलर प्रकरण पाहावे.)
४) उष्णतेचे दिवे पायाशी बसवावेत. (श्रीमतींची सूचना.)
५) बटण काढून टाकावे. बटणामुळे जनतेत दुजाभाव उत्पन्न होतो.
६) फलाटावर चहा नाही. ही रचनेतील मूलभूत त्रुटी असून ती कशामुळे राहिली याचा खुलासा व्हावा.

खाली सही, तारीख आणि 'उपअभियंता (निवृत्त)'. कागद घेऊन ते टेबलामागच्या तरुण मुलीकडे गेले आणि म्हणाले, "इनवर्ड नंबर."

मुलीला कळेना. मामा हटेनात. रांग वाढली. मी मध्ये पडून दोन्ही संस्कृतींचा दुवा व्हायचा प्रयत्न केला, तेव्हा मुलगी माझ्याकडे आणि मामा माझ्याकडे, असे दोघेही सारख्याच संशयाने बघायला लागले. शेवटी तिने पेन उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यात मोठ्ठा १ काढला. मामांनी तो डायरीत उतरवून घेतला, पोच मिळाल्यासारखी मान हलवली, आणि आम्ही घरी आलो.

मामा-मामी साताऱ्याला परतल्यावर महिन्याभराने अभिप्रायाचं उत्तर माझ्या ईमेलवर आलं. 'आपण दिलेल्या सूचनांबद्दल आभार. त्यांची नोंद घेण्यात आली असून पुढील टप्प्यात त्यांचा योग्य तो विचार केला जाईल.' एवढ्या कळकळीने लिहिलेल्या सहा मुद्द्यांची अशी बोळवण झालेली बघून मला वाईट वाटलं. मामा खट्टू होतील म्हणून मी ते पाठवताना वर चार सांत्वनाच्या ओळी लिहिल्या. तासाभरात फोन आला.

"उत्तर वाचलं."

"मनावर घेऊ नका मामा. सगळ्यांना तेच पाठवतात."

"माहीत आहे रे. सगळी नोकरी मी हेच पत्र लोकांना पाठवत आलो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चक्क आनंदी होता. "पण आपल्याला आलं की किती बरं वाटतं! फ्रेम करायला दिलंय. लोक तेव्हा माझ्यावर का चिडायचे, तेच कळत नाही."